प्रेरणा, टोचणी आणि चिथावणी
(काही इंग्रजी क्रियापदांचा विचार)



अनेक वर्षांपूर्वी मी एक उत्तरपत्रिका तपासत होतो. उताऱ्यात एका मुलाला त्याचे मित्र शेजारच्या बागेतील भिंतीवर चढण्यास उद्युक्त करतात, असा प्रसंग होता. इंग्रजी वाक्यात त्यासाठी ‘एग ऑन’ हे क्रियापद वापरले होते. विद्यार्थ्याने भाषांतर केले होते : ‘मित्रांनी त्याच्यावर अंडी फेकली.’ मी हसलो, गुण कापले आणि पुढे गेलो. त्या रात्री मात्र मनात आले की, या मुलाला आपण चूक ठरविले खरे, पण बरोबर काय ते आपल्याला तरी नेमके सांगता येईल काय? मित्रांनी त्याला ‘प्रोत्साहन दिले’ असे लिहावे, तर ते बक्षीस समारंभातले वाटते. ‘चिथावले’ म्हणावे, तर पोलिसांच्या पंचनाम्यातले वाटते. ‘भरीस घातले’ हा शब्द मला पहाटे सुचला. तोपर्यंत उत्तरपत्रिका बांधून झाल्या होत्या.

एका माणसाने दुसऱ्याला काही करावयास लावणे, ही क्रिया माणसाच्या समाजजीवनाइतकीच जुनी आहे. आई मुलाला, गुरू शिष्याला, सेनापती सैनिकाला, वक्ता जमावाला काही ना काही करावयास सांगत असतो. इंग्रजीत या क्रियेला दोन डझनांहून अधिक क्रियापदे आहेत. कोशात त्यांच्यापुढे ‘प्रवृत्त करणे, उत्तेजन देणे, चिथावणे’ अशी तीच ती माळ पुनःपुन्हा दिसते. परंतु या शब्दांत भेद आहे आणि तो केवळ शैलीचा नाही. त्या भेदावर माणसे तुरुंगात गेली आहेत आणि तुरुंगातून सुटलीही आहेत. म्हणून हा विषय आज आपल्यापुढे मांडावासा वाटला.

टोकदार शब्दांचे कुळ

प्रथम त्या अंड्याचा निकाल लावू. ‘एग ऑन’मधील ‘एग’चा कोंबडीशी काही संबंध नाही. आठव्या शतकाच्या अखेरीपासून स्कँडिनेव्हियातील दर्यावर्दी लोक इंग्लंडवर चालून आले आणि पुढे त्या देशाच्या पूर्व व उत्तर भागांत स्थायिक झाले. त्यांच्या भाषेत ‘एग्या’ म्हणजे चेतविणे. हा शब्द शस्त्राच्या धारेसाठी असलेल्या शब्दापासून झालेला आहे. इंग्रजीतील ‘एज’, म्हणजे धार किंवा कड, हा त्याचाच भाऊबंद. तेव्हा ‘एग ऑन’ करणे म्हणजे मूळ अर्थाने एखाद्याला धार लावणे. गंमत अशी की, अंडे या अर्थाचा ‘एग’ शब्दही इंग्रजीत त्याच लोकांकडून आला. विल्यम कॅक्स्टन या इंग्लंडच्या आद्य मुद्रकाने १४९० साली एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक हकीकत दिली आहे. एका व्यापाऱ्याने एका बाईकडे ‘एग्ज’ मागितली, तेव्हा मला फ्रेंच येत नाही, असे तिने त्याला सांगितले. तिच्या बोलीत अंड्यांना निराळाच शब्द होता. म्हणजे या शब्दाने गोंधळणारा आमचा विद्यार्थी पहिला नव्हता.

धारेनंतर टोक. ‘गोड’ हे इंग्रजी क्रियापद मराठी कानाला मधुर लागते. अर्थाने मात्र ते बोचरे आहे. जुन्या इंग्रजीत तो गुरे हाकण्याच्या अणकुचीदार काठीचा शब्द होता. आपल्याकडे हीच वस्तू शेतकऱ्याच्या हातात पराणी म्हणून असे आणि माहुताच्या हातात अंकुश म्हणून. ‘स्पर’ हा घोडेस्वाराच्या टाचेला बसविलेला काटा. मराठी स्वारही घोड्याला टाच मारीतच होता. ‘स्टिम्युलेट’ हा शब्द शास्त्रीय व सभ्य वाटतो, परंतु लॅटिनमध्ये ‘स्टिम्युलस’ म्हणजे तीच बैलाची पराणी. ‘इन्स्टिगेट’ हाही लॅटिनमधूनच आलेला, आणि त्याच्या मुळाशीही टोचणे हाच अर्थ आहे.

येथे एक नाते सांगितले पाहिजे. ‘इन्स्टिगेट’चे जे मूळ, त्याच मूळ धातूची संस्कृतातील शाखा म्हणजे ‘तिज्’. धातुपाठात त्याचा अर्थ धार लावणे असा दिला आहे. तीक्ष्ण, तिग्म आणि तेज हे सारे त्याच घरचे. ‘तेजस्’ याचाही एक जुना अर्थ शस्त्राची धार असाच आहे. ‘उत्तेजन’ हा शब्दही त्याच धातूचा. म्हणजे ‘इन्स्टिगेट’ आणि ‘उत्तेजन’ हे हजारो वर्षांपूर्वी दुरावलेले सख्खे नातेवाईक आहेत. एक इंग्रजीत जाऊन गुन्हेगारीच्या वस्तीत राहिला आणि दुसरा आपल्याकडे सभ्य समाजात वावरला. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात व्याख्यानमालेची प्रथा सुरू झाली. ती चालविणाऱ्या सभेचे नाव वक्तृत्वोत्तेजक सभा असे आहे. शाळेच्या स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकानंतर आपण ‘उत्तेजनार्थ’ बक्षीस देतो. तोच शब्द ‘उत्तेजक द्रव्ये’ या जोडीत शिरला की खेळाडूचे पदक जाते. शब्दाचे शील त्याच्या सोबतीवर ठरते, ते असे.

दाबणे, ढकलणे आणि हाक मारणे

दुसरे कुळ दाब आणि धक्का यांचे आहे. ‘अर्ज’ हे क्रियापद उच्चारताच आपल्याला कचेरीतील विनंतीअर्ज आठवतो. तो फारसी-अरबी वाटेने आलेला निराळा शब्द. इंग्रजी ‘अर्ज’ लॅटिनमधील दाबणे, रेटणे या अर्थाच्या क्रियापदापासून निघाला. त्याची आजची वृत्ती मात्र बऱ्यापैकी सौम्य आहे. मनापासून, पुनःपुन्हा, कारणे देऊन आग्रह करणे, ही ती वृत्ती. ‘इम्पेल’ आणि ‘कम्पेल’ हे ढकलणे या अर्थाच्या एकाच लॅटिन क्रियापदाचे वंशज. पहिल्यात आतली ऊर्मी ढकलते, दुसऱ्यात बहुधा बाहेरची सक्ती. कर्तव्यबुद्धी माणसाला ‘इम्पेल’ करते, सरकारी हुकूम ‘कम्पेल’ करतो.

तिसरे कुळ हाकेचे. ‘प्रोव्होक’ म्हणजे शब्दशः हाक मारून बाहेर बोलावणे. त्यातील ‘व्होक’ हा भाग आणि आपली ‘वाच्’ ही एकाच मुळाची. या ठिकाणी मराठीतील एक नेहमीची चूक आठवते. ‘आवाहन’ आणि ‘आव्हान’ यांची आपण सर्रास अदलाबदल करतो. पूजेत देवतेला जवळ आणावयाचे ते आवाहन. त्यात ‘वह्’ धातू आहे. प्रतिपक्षाला हाक मारून मैदानात बोलवावयाचे ते आव्हान, मूळ संस्कृत ‘आह्वान’. त्यात ‘ह्वे’ म्हणजे हाक मारणे हा धातू आहे. इंग्रजीतील ‘एक्झॉर्ट’ हे गंभीर उपदेशपर क्रियापद आवाहनाच्या बाजूचे, तर ‘प्रोव्होक’ आव्हानाच्या बाजूचे. निधीसाठी नागरिकांना ‘आव्हान’ करणारी जी पत्रके आपण वाचतो, ती नकळत त्यांना मैदानात उतरण्यास सांगत असतात.

आणखी एक शब्द स्वतंत्र सांगावासा वाटतो. ‘अबेट’ हा आज कायद्याचा शब्द आहे. मूळ जुन्या फ्रेंच शब्दाचा अर्थ मात्र कुत्रे अंगावर सोडणे, चावावयास लावणे असा आहे. आपल्या गल्लीतील पोर कुत्र्याला ‘छू’ करते, तीच ही क्रिया. स्वतः लांब उभे राहावयाचे आणि दात दुसऱ्याचे वापरावयाचे.

घडले की नाही घडले?

व्युत्पत्ती मनोरंजक असते, पण शब्दाचा आजचा व्यवहार व्याकरणात दिसतो. इंग्रजीत ‘अर्ज’ या क्रियापदानंतर पुढची क्रिया ‘टू’ लावून येते, तर ‘गोड’ आणि ‘प्रोव्होक’ यांच्यानंतर ती पुष्कळदा ‘इन्टू’ लावून येते. हा फरक किरकोळ वाटतो, पण त्यात मोठी गोष्ट दडली आहे. ‘मित्रांनी त्याला राजीनामा देण्यासाठी अर्ज केले’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्यातून राजीनामा दिला गेला की नाही, ते कळत नाही. आग्रह झाला, एवढेच कळते. परंतु ‘मित्रांनी त्याला गोड करून राजीनाम्यात लोटले’ अशा घाटाचे ‘इन्टू’चे वाक्य असेल, तर राजीनामा पडलाच असे समजावयाचे. पहिल्या वाक्यात निर्णयाचे दार त्या माणसाच्या हाती राहते. दुसऱ्यात त्याला दाराच्या आत ढकलून झालेले असते.

मराठीत हा भेद निराळ्या रीतीने साधतो. ‘त्याला राजीनामा द्यावयाचा आग्रह केला’, ‘गळ घातली’, ‘टुमणे लावले’, ‘तगादा लावला’ या सर्वांत परिणाम अनिश्चित राहतो. ‘त्याला राजीनामा द्यावयास लावले’, ‘भाग पाडले’ म्हटले की कृती पुरी झाली. ‘लावणे’ हे एकच क्रियापद पाहा. ‘टुमणे लावले’ मध्ये ते केवळ यत्न दाखविते आणि ‘द्यावयास लावले’ मध्ये फळ दाखविते. भाषांतर करणाऱ्याने कोशातील प्रतिशब्द उचलण्याआधी वाक्यात कृती पूर्ण झाली आहे काय, हा प्रश्न विचारला, तर निम्म्या चुका टळतील.

दुसरा प्रश्न हेतूचा. ‘इन्साइट’ हे क्रियापद हेतूवाचून शक्य नाही. ज्याला काही घडवावयाचे आहे, तोच ‘इन्साइट’ करू शकतो, आणि जे घडवावयाचे ते बहुधा वाईट असते. दंगल, बंड, द्वेष यांच्याशीच हा शब्द जोडून येतो. ‘प्रोव्होक’ला हेतूची अट नाही. एखाद्याचे निष्पाप वाक्यही दुसऱ्याला ‘प्रोव्होक’ करू शकते. प्रश्न विचारास ‘प्रोव्होक’ करतो, विदूषक हशा ‘प्रोव्होक’ करतो. म्हणून प्रत्येक ‘प्रोव्होक’चे भाषांतर ‘चिथावणे’ असे करणे म्हणजे न केलेल्या हेतूचा आरोप करणे होय. हेतुपूर्वक केले तर ‘डिवचणे’ किंवा ‘उचकवणे’ म्हणावे. हेतू नसेल तर ‘संताप आणणे’, ‘क्षोभ होणे’ अशी रचना करावी.

न्यायालयातील क्रियापदे

आता या शब्दभेदांना जिथे सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते, तिथे जाऊ.

१८६० सालच्या भारतीय दंड संहितेच्या १०७व्या कलमात ‘अबेट’ करण्याचे तीन प्रकार सांगितले होते : चिथावणी देणे, कटात सामील होणे आणि जाणूनबुजून साहाय्य करणे. मराठीत या गुन्ह्यास ‘अपप्रेरणा’ असा शब्द रूढ झाला. ‘प्रेरणा’ या उदात्त शब्दाला एक ‘अप’ लावून तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला, ही रचना मला अर्थपूर्ण वाटते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या ४५व्या कलमात हे तीन प्रकार कायम आहेत.

परंतु ‘इन्स्टिगेट’ म्हणजे नेमके काय? सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली छत्तीसगडमधील एका खटल्यात या शब्दाचा अर्थ सांगितला. त्यासाठी पाच क्रियापदे एका ओळीत ठेवली : ‘गोड’, पुढे ‘अर्ज’ करणे, ‘प्रोव्होक’, ‘इन्साइट’ आणि ‘एन्करेज’. प्रकरण दुःखद होते. पतिपत्नींच्या भांडणात पती, तुला हवे ते करावयास आणि हवे तिथे जावयास तू मोकळी आहेस, अशा अर्थाचे काही बोलला होता. पत्नीने जीव दिला. न्यायालयाने म्हटले की, रागाच्या भरात, परिणाम घडावा असा हेतू नसताना उच्चारलेला शब्द म्हणजे चिथावणी नव्हे. आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप टिकला नाही. क्रूर वागणुकीबद्दलची शिक्षा मात्र कायम राहिली. म्हणजे शब्दाने जखम होते हे न्यायालयाने मान्य केले. जखम करणे आणि चिथावणे यांत मात्र त्याने भेद केला.

‘प्रोव्होक’ची गोष्ट मुंबईची आहे. १९५९ साली नौदलातील कमांडर नानावटी यांनी आपल्या पत्नीच्या प्रियकराचा गोळी घालून वध केला. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ झाला असता हातून घडलेल्या मनुष्यवधास कायद्यात खुनाहून कमी शिक्षा होती. नऊ ज्यूरींपैकी आठ जणांनी नानावटींना निर्दोष ठरविले, परंतु उच्च न्यायालयाने ते मानले नाही. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निर्णय दिला. पत्नीची कबुली ऐकल्यापासून गोळी झाडेपर्यंत मध्ये सुमारे तीन तास गेले होते आणि तेवढ्या वेळात मन ताब्यात आणता आले असते, असा त्याचा आशय होता. प्रक्षोभ हा शब्द कायद्याने घड्याळाला बांधला, असे म्हणता येईल.

आणि ‘एक्साइट’ या क्रियापदाशी तर आपल्या लोकमान्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. जुन्या १२४-अ कलमात सरकारविषयी अप्रीती ‘एक्साइट’ करणे, म्हणजे चेतविणे, हा राजद्रोह होता. १८९७ साली न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अप्रीती म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरींना सांगितला. टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९०८ साली ‘केसरी’तील लेखांवरून पुन्हा खटला झाला. लेख मराठी होते, न्यायालयापुढे होती ती त्यांची इंग्रजी भाषांतरे. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते, आणि त्यांना मराठीतील बारकावे कळण्याजोगे नव्हते. टिळकांनी स्वतः अनेक दिवस मिळून एकवीस तासांहून अधिक वेळ भाषण केले. भाषांतरे सदोष आहेत, मूळ शब्दांना जो रंग नव्हता तो त्यांत भरला आहे, हा त्यांच्या बचावातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांसाठी मंडालेस गेले. १९१६ साली बेळगाव आणि अहमदनगर येथील मराठी व्याख्यानांवरून त्यांच्याकडून जामीन मागण्यात आला. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने व्याख्याने सुटी सुटी वाक्ये काढून नव्हे, तर समग्र वाचून त्यांचा परिणाम पाहावा, अशी भूमिका घेऊन तो हुकूम रद्द केला. वाचनाच्या पद्धतीनेही माणूस दोषी किंवा निर्दोष ठरतो, हे आपण भाषाशिक्षकांनी विसरू नये.

स्वातंत्र्यानंतर १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाची व्याप्ती मर्यादित केली. हिंसेस किंवा सार्वजनिक अव्यवस्थेस चिथावणी देण्याची प्रवृत्ती वा हेतू असेल तरच गुन्हा, कठोर टीका म्हणजे गुन्हा नव्हे. २०१५ साली श्रेया सिंघल खटल्यात त्याच न्यायालयाने तीन पायऱ्या स्पष्ट केल्या : चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्या वाणीस्वातंत्र्याचा गाभा आहेत. तिसऱ्या पायरीवरच निर्बंधाचा अधिकार सुरू होतो. दुसरी आणि तिसरी पायरी यांतले अंतर म्हणजे ‘अर्ज’ आणि ‘इन्साइट’ यांतले अंतर.

आपल्या भाषेची पेटी

आपल्या बडोद्याला शब्दांची काळजी वाहण्याची परंपरा आहे. महाराजा सयाजीरावांच्या प्रेरणेने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश सिद्ध झाला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत आदी अनेक भाषांतील पर्याय त्यात शेजारी शेजारी मांडले आहेत. दोन-तीन भाषांत रोज वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना अशा मांडणीचे मोल निराळे सांगावयास नको. असे कोश बहुधा संस्कृत नामांवर चालतात. क्रियापदांची खरी पेटी मात्र घराघरांत असते. ‘भरीस घालणे’ म्हणजे न करण्याजोगे काही गोडीगुलाबीने करावयास लावणे. आमच्या ‘एग ऑन’ला हाच शब्द शोभला असता. स्तुतीने फुगवून कामास लावणे म्हणजे ‘हरभऱ्याच्या झाडावर चढविणे’. गुपचूप तिसऱ्याविरुद्ध मन कलुषित करणे म्हणजे ‘कान भरणे’. आपण नामानिराळे राहून दुसऱ्याला उठविणे म्हणजे ‘फूस लावणे’, आणि दोघांत आग पेटवून गंमत पाहणे म्हणजे ‘काडी लावणे’. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तील इयागो हे शेवटचे तिन्ही उद्योग करतो. गोविंद बल्लाळ देवलांनी त्या नाटकाचा ‘झुंझारराव’ केला, तेव्हा या पेटीमुळे मराठी प्रेक्षकाला ते कारस्थान परके वाटले नसावे.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, असे क्रियापद समोर आले की चार प्रश्न विचारा. साधन कोणते, टोक, धक्का की हाक? कृती घडली की राहिली? करविणाऱ्याचा हेतू होता काय? आणि ज्याला करावयास लावले त्याच्या हाती निर्णय उरला काय? या चार उत्तरांवर मराठी शब्द आपोआप उभा राहतो.

चौथा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुला आपल्या पराभूत होऊन परतलेल्या पुत्राला इतके बोचरे बोलते की वाचतानाही अंगावर काटा येतो. ‘उद्योग’ आणि ‘उद्युक्त’ हे शब्द ‘युज्’ म्हणजे जुंपणे या धातूचे आहेत. विदुलेने मुलाला अक्षरशः पुन्हा जुंपले. गीतेच्या आरंभी श्रीकृष्णही अर्जुनाला डिवचतोच. परंतु अठराव्या अध्यायात, सर्व सांगून झाल्यावर, तो अर्जुनाला या साऱ्याचा पूर्ण विचार करून मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर, असे सांगतो. उपदेश आणि चिथावणी यांतील सीमारेषा तिथे आखली गेली आहे. चिथावणारा विचाराला वेळ देत नाही. प्रेरणा देणारा विचार करावयास सांगून बाजूला उभा राहतो. शिक्षकाच्या हाती पराणी असू शकते, ‘छू’ म्हणण्याची शक्ती असू शकते. ती त्याने वापरू नये, एवढेच.

शेवटी त्या ‘तिज्’ धातूकडे वळतो. त्यापासून ‘उत्तेजन’ झाले, तसाच आणखी एक शब्द झाला आणि पाणिनीने त्यासाठी सूत्रात सोय केली. तो शब्द ‘तितिक्षा’, म्हणजे सहनशीलता. धार लावणे आणि धार सोसणे या दोन्ही गोष्टी आपल्या भाषेने एकाच धातूत ठेवल्या. दुसऱ्याच्या शब्दाने आपण केव्हा उठावे आणि केव्हा शांत बसावे, हे ज्याला कळले, त्याला या शाळेने दोन्ही भाषा नीट शिकविल्या असे मी समजेन.